पत्र्याच्या शेडचं कॅव्हेट

जयवंतराव पेडणेकरांनी आपल्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरामागच्या मोकळ्या पट्ट्यावर निळ्या पत्र्याची शेड घातली. वॉशिंग मशीन भिजू नये, एवढाच तिचा हेतू. चार लोखंडी खांब, वर पत्रे आणि उतार कुंपणाच्या भिंतीकडे. उतार कुठल्या तरी बाजूला द्यावाच लागतो, आणि तो स्वतःच्या घराकडे देण्याइतके जयवंतराव खुळे नव्हते. भिंतीपलीकडे डॉमनिकची केळीची वाडी आहे हे त्या वेळी आपल्या लक्षातच आलं नाही, असं ते पुढे सगळ्यांना सांगत असत. लक्षात आलं होतं. पण डॉमनिक काय, आपलाच माणूस, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला ठेवला होता.

आणि डॉमनिक होताच आपला माणूस. वसईतल्या उमेळ्यात इमारती वाढल्या तशा वाड्या आक्रसत गेल्या, पण डॉमनिकने आपली वाडी राखली होती. रोज सकाळी तो पाणी सोडायला आला की भिंतीवरून हाक मारायचा आणि जयवंतराव दोन कप चहा घेऊन मागच्या दाराशी जायचे. एक कप भिंतीवर, एक हातात. बारा वर्षं हा क्रम चालला होता. जयवंतराव निवृत्त झाले, ऑफिसातले मित्र ‘भेटू एकदा’ म्हणत म्हणत नुसते फोनमध्ये उरले, आणि मग या जगात जयवंतरावांना ‘अरे’ म्हणणारा एकच माणूस शिल्लक राहिला, तो भिंतीपलीकडचा. डॉमनिक आणि त्याची बायको फेलिशिया यांच्या मुलीला, जेनिफरला, दहावीचं बीजगणित जयवंतरावांनीच शिकवलं होतं. आता नोव्हेंबरात तिचं लग्न होतं आणि ‘जेवणाचा हिशेब-बिशेब तूच बघ’ असं डॉमनिकने गणपतीआधीच सांगून ठेवलं होतं.

अशा सुखात सुमेध बागवे आले.

बागवे त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. फोर्टमधल्या एका वकिली फर्ममध्ये ते हिशेबनीस आहेत. म्हणजे वकिलांची बिलं करतात. पण रोज कायद्याच्या इतक्या जवळ बसणाऱ्या माणसाला कायदा लागतोच अशी बिल्डिंगची समजूत होती आणि ती दूर करण्याचं बागव्यांना काही कारण नव्हतं. संध्याकाळी ते चप्पल न काढता दारातच उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पेडणेकर, तुमचा डॉमनिक आज वसई कोर्टात होता."

"डॉमनिक? कशाला?"

"ते मी कसं सांगू? मी आपला एका नोटरीकडे गेलो होतो. पाहतो तर हा गेटजवळ एका काळ्या कोटाशी बोलतोय. आणि शर्ट खोचलेला."

शर्ट खोचलेला, हे मात्र जयवंतरावांना खटकलं. डॉमनिक शर्ट खोचतो फक्त रविवारी चर्चमध्ये मिस्साला आणि कुणाच्या मातीला. बागव्यांनी तेवढ्यात मान वाकडी करून स्वयंपाकघरातून मागची निळी शेड पाहिली, नुसतं ‘हं’ केलं आणि वर निघून गेले. एका हुंकाराने माणसाची झोप कशी उडते हे वकिलांची बिलं करणाऱ्याला ठाऊक असतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतरावांनी चहा घेऊन जाण्याआधी खिडकीच्या जाळीतून बघितलं. डॉमनिक वाडीत उभा राहून वर पाहत होता. नेमका पत्र्याच्या कडेकडे. तिथून रात्रीचं साचलेलं पाणी केळीच्या बुंध्यात टपटपत होतं. डॉमनिकने खाली पाहिलं, पायाने माती दाबून बघितली, पुन्हा वर पाहिलं. मग भिंतीवरून हाक आली, "जयवंत, चाय आन रे!" नेहमीसारखीच. पण त्या नेहमीसारखेपणातच काहीतरी आहे, असं जयवंतरावांना वाटू लागलं. त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली आणि डॉमनिकने तो तसाच पिऊन टाकला, हेही त्यांनी संशयाच्या खात्यावर जमा केलं.

"अहो, मग विचारा ना त्याला, कोर्टात कशाला गेला होतास म्हणून," वसुंधराबाई म्हणाल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी नवऱ्याला साधा उपाय सुचवण्याची त्यांची सवय काही गेली नव्हती.

"चुकूनही विचारू नका," बागवे म्हणाले. ते आता रोज येऊ लागले होते. "विचारलंत की त्याला कळलं तुम्हाला कळलंय ते. उद्या सकाळी तो मनाई हुकूम आणेल. एकतर्फी! तुम्ही इथे चहा पीत बसाल आणि तिकडे शेड पाडायचा आदेश झालेला असेल. तुम्ही कॅव्हेट टाका."

कॅव्हेट हा शब्द जयवंतरावांनी वर्तमानपत्रात, तोही मोठमोठ्या पक्षांच्या भांडणात वाचला होता. आपण आणि तो शब्द एका वाक्यात येऊ, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. थोडी छाती फुगली आणि लगेच धास्तीही वाटली.

कोर्टासमोर ताडपत्रीखाली बसणाऱ्या नेहल वकीलबाईंकडे बागवेच त्यांना घेऊन गेले. वकीलबाई तिशीच्या होत्या, भरभर बोलायच्या आणि बोलता बोलता तीन वेगवेगळ्या अशिलांच्या कागदांवर शिक्के मारायच्या. "सोपं आहे काका. कॅव्हेट म्हणजे कोर्टाला आधीच सांगून ठेवायचं, की अमुक माणूस माझ्याविरुद्ध अर्ज घेऊन आला तर मला ऐकल्याशिवाय आदेश करू नका. नव्वद दिवस चालतं. त्याची कॉपी समोरच्याला पोचपावतीने जाते. बस. सही करा."

जयवंतरावांनी मान हलवली. ‘मला ऐकल्याशिवाय’ हे दोन शब्द कानात इतके गोड वाजत होते की पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही. आयुष्यभर ऑफिसात, घरात, सोसायटीच्या सभेत आपलं कुणी ऐकून घेतलं नाही, आणि इथे सरकारने त्यासाठी खास कलमच करून ठेवलंय! त्यांनी पेन उघडलं.

"पण कुठल्या कोर्टात टाकायचं?" बागव्यांनी विचारलं, आणि इथून गाडी घसरली.

वकीलबाईंनी एका जुन्या कागदाच्या पाठीवर चार आडव्या रेघा मारल्या. "हे बघा, बिल्डिंग समजा. तळमजल्यावर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. नुकसान मोठं दाखवलं तर त्याच्याच शेजारी वरिष्ठ स्तर. साक्षी, पुरावे, केळी मोजणं, सगळं तळमजल्यावर. वर जिल्हा न्यायालय. खालच्याने चूक केली का ते बघतं. त्याच्या वर मुंबईचं उच्च न्यायालय. तिथे कुणी नव्याने केळी मोजत नाही, कायद्याचं काही चुकलंय का एवढंच. आणि गच्चीवर दिल्ली, सर्वोच्च. तिथलं दार वाजवता येतं, पण ते उघडायचं की नाही हे बहुतेक वेळा त्यांच्यावर."

"म्हणजे तळमजल्यावर त्याला मनाई मिळाली नाही तर तो वर जाणार," बागवे म्हणाले.

"जाऊ शकतो."

"आणि वर गेला तर तिथे पेडणेकरांचं कॅव्हेट नाही!"

तिघंही गप्प झाले. म्हणजे वकीलबाई शिक्का शोधत होत्या म्हणून गप्प होत्या, पण जयवंतरावांना त्या गप्प बसण्यात फार खोल अर्थ दिसला. ते स्वतः तळमजल्यावर राहत होते. वरचे लोक तळमजल्यावर कायकाय टाकतात याचा त्यांना अनुभव होता.

"सगळीकडे टाका," ते म्हणाले.

"काका, अहो, त्याने अजून काही केलेलंच नाही. एक तळमजल्यावरचं पुरे."

"सगळीकडे," जयवंतराव म्हणाले. घाबरलेला मध्यमवर्गीय माणूस एकदा ठाम झाला की त्याला ब्रह्मदेव हलवू शकत नाही. मग बागव्यांना आठवलं, की शेड सोसायटीच्या जागेत आहे, तेव्हा उद्या सोसायटीही उठेल, आणि सोसायटीचं भांडण सहकार न्यायालयात चालतं. ते न्यायालय त्या चार मजल्यांत कुठे बसतं, हे वकीलबाईंनी सांगितलं, पण तोवर जयवंतरावांच्या डोक्यात सगळे जिने एकमेकांत गुंतले होते. "आणि महानगरपालिका?" बागवे म्हणाले. तीही घाला, जयवंतराव म्हणाले. फौजदारी झाली तर? फौजदारीत कॅव्हेट नसतं, असं कळल्यावर त्यांना भर दुपारी उघड्यावर आल्यासारखं वाटलं. बागव्यांनी अटकपूर्व जामिनाचं नाव काढलं तेव्हा वकीलबाईंनी शिक्का खाली ठेवला आणि विचारलं, "काका, नक्की शेडच घातलीये ना?"

तर अशा रीतीने तळमजल्यावर दोन, जिल्ह्यात एक, मुंबईत एक आणि सहकारात एक अशी पाच कॅव्हेट पडली, आणि प्रत्येकात सामनेवाले डॉमनिक, सोसायटी आणि महानगरपालिका. दिल्लीचा विचार वसुंधराबाईंनी हाणून पाडला. "दिल्लीला पत्र्यासाठी जाताय, आणि माझा भाऊ ग्वाल्हेरला आहे, तिकडे एकदा चला म्हटलं तर गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. त्या रात्री जयवंतराव कित्येक दिवसांनी शांत झोपले. देशातली पाच न्यायालयं आता त्यांचं ऐकायला बसली होती.

चार दिवसांनी सकाळी भिंतीवरून हाक आली नाही. जयवंतराव चहा घेऊन मागच्या दाराशी उभे राहिले. चहावर साय धरली. मग डॉमनिक आला. शर्ट खोचलेला होता. हातात एकसारखे पाच लिफाफे होते. त्याने ते पत्ते मांडावेत तसे भिंतीवर पसरले.

"पेडणेकरसाहेब," डॉमनिक म्हणाला.

बारा वर्षांत तो प्रथमच ‘साहेब’ म्हणाला. जयवंतरावांनी पुढे केलेला कप तसाच मागे घेतला.

"पोस्टमन बोलला, अंकल, एकदम पाच? कोन गेलं का? फेलिशिया घाबरली, तिला वाटलं जेनीच्या सासरकडून काय आलं. वाचून घेतलं एकाकडून. यात लिहिलंय मी सामनेवाला. मी तुमच्यावर केस टाकनार. तुम्हाला कोनी सांगितलं, मी केस टाकनार?"

कॉपी समोरच्याला जाते! ते वाक्य आता, चार दिवस उशिरा, वकीलबाईंच्या आवाजात जयवंतरावांच्या कानात शिरलं. त्यांना वाटलं होतं, आपण कोर्टाच्या कानात हळूच काहीतरी सांगून ठेवलंय. त्यांनी तोंड उघडलं. पण बागव्यांनी बजावलं होतं, समोरच्याशी एक शब्दही बोलायचा नाही, तो उद्या कबुली म्हणून वापरला जातो. म्हणून मग जयवंतराव म्हणाले, "ते... वकिलांशी बोलून सांगतो."

याहून वाईट वाक्य त्यांना ठरवूनही सुचलं नसतं. डॉमनिकने पाचही लिफाफे गोळा केले, "बरं साहेब," म्हणाला आणि केळीत शिरला.

त्यानंतरच्या आठवड्यात जे झालं त्याला जयवंतराव ‘प्रतिसाद’ म्हणत आणि वसुंधराबाई ‘शोभा’ म्हणत. डॉमनिकच्या सांडोरच्या भाच्याने, स्टॅनीने, मामाला सांगितलं, की ज्याने कॅव्हेट टाकलं तोच उद्या केस टाकतो, तेव्हा आपणही टाकून ठेवू. जयवंतरावांच्या घरीही मग लिफाफे आले. तेही पाच. आता त्या सगळ्या न्यायालयांना दोघांनी कळवून ठेवलं होतं, की आम्हाला ऐकल्याशिवाय काही करू नका. न्यायालयं काही करत नव्हती, कारण दावा कुणीच लावला नव्हता.

सोसायटीला नोटीस पोचली तेव्हा कमिटीने तातडीची सभा घेतली. ‘मागील बाजूस मी शेड उभारली असून’ असं कॅव्हेटमध्ये स्वच्छ लिहिलं होतं. तोवर ती शेड कुणाच्या नजरेत भरली नव्हती. मागे कोण जातंय? आता जयवंतरावांनी स्वतः, सहीनिशी, वकिलामार्फत सोसायटीला कळवलं होतं, की मी विनापरवाना बांधकाम केलंय, बघून घ्या. महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयालाही तेच कळलं. तिथला एक सभ्य माणूस येऊन शेडचा फोटो काढून गेला. "साहेब, लोक लपवतात, तुम्ही कळवलंत, असे नागरिक पाहिजेत," तो म्हणाला आणि पंधरा दिवसांत काढून टाका, अशी नोटीस हातात ठेवून गेला. त्याचा कुत्सितपणाचा बिलकूल हेतू नव्हता, हे जास्त झोंबलं.

जयवंतरावांनी शेड काढून टाकली. वॉशिंग मशीनवर प्लॅस्टिक घातलं. आता पत्रा नव्हता, उतार नव्हता, पाणी नव्हतं. जिच्यासाठी भांडण होणार होतं ती वस्तूच उरली नव्हती. उरली होती फक्त पाच अधिक पाच कॅव्हेट आणि भिंतीपलीकडची शांतता. डॉमनिक आता पाणी सोडायला दुपारी यायचा. जयवंतराव सकाळी सवयीने दोन कप चहा करायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे. त्याने पित्त वाढलं.

मग लग्नाची आमंत्रणं सुरू झाली. वसईत डॉमनिकसारख्या जुन्या घरांत पत्रिका व्हॉट्सॲपवर ढकलून देत नाहीत. नवराबायको बाहेर पडतात, दारोदारी जातात, घटकाभर बसतात, पाणी पितात आणि ‘सगळ्यांनी यायचं’ असं तोंडाने सांगतात. ऑक्टोबरच्या अखेरीस डॉमनिक आणि फेलिशिया बिल्डिंगमध्ये आले. जयवंतरावांनी बैठकीची खोली आवरली, स्वच्छ अभ्रे घातले, वसुंधराबाईंनी शिऱ्याचा रवा भाजून ठेवला. जिन्यावर पावलं वाजली. दारावरून पुढे गेली. पहिल्या मजल्यावर थांबली, दुसऱ्यावर थांबली. तिसऱ्या मजल्यावरून बागव्यांचं ‘या या या!’ इतकं मोठ्याने ऐकू आलं, की जयवंतरावांनी दार लोटून घेतलं. पावलं खाली आली तेव्हा ते दाराला कान लावून उभे होते. फेलिशियाच्या बांगड्या त्यांच्या दारापाशी क्षणभर थबकल्या. मग त्याही गेल्या.

रवा तसाच कढईत राहिला. जयवंतराव खुर्चीत बसले आणि त्यांना, साठी उलटलेल्या माणसाला, रडू आलं. जेनिफर समीकरण सोडवताना जीभ बाहेर काढायची हे त्यांना आठवत होतं. आपल्याशिवाय तिचं लग्न होणार, आणि हे आपण स्वतःच्या सहीने करून ठेवलंय, हे त्यांना लख्ख कळलं होतं.

"आता तरी जा," वसुंधराबाई म्हणाल्या.

पण सरळ जाण्याची सवय मोडली की मोडली. जयवंतराव आधी वकीलबाईंकडे गेले. लोकअदालत भरणार होती. तिथे दोन्ही पक्ष राजीखुशीने तडजोड करतात आणि तिच्यावर पुढे अपीलसुद्धा नसतं, असं त्यांनी वाचलं होतं. अपील नसलेली मैत्री! याहून पक्कं काय असणार?

"काका, तडजोड कशात करणार?" वकीलबाईंनी विचारलं. "दावा आहे का?"

"नाही."

"तक्रार?"

"नाही हो. कॅव्हेट आहेत. दहा."

"कॅव्हेट म्हणजे वाद नाही. वाद होईल या भीतीचा कागद आहे. मिटवायला आधी काहीतरी भांडण पाहिजे ना? आणि काळजी नका करू, नव्वद दिवस झाले की ती आपोआप संपतात."

"आणि डॉमनिक?"

डॉमनिकसाठी कायद्यात मुदत दिलेली नव्हती. बागव्यांनी मात्र त्याच संध्याकाळी जिन्यात गाठून सांगितलं, की मुदत संपत आली, लगेच नव्याने टाका, आता तर तो भडकलेला आहे. "बागवे," जयवंतराव म्हणाले, "तुम्ही लग्नाला जा, जेवा आणि आम्हाला सोडा." एवढं तोडून ते आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. नंतर तीन जिने चढून जाऊन त्यांनी माफीही मागितली.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा जयवंतरावांनी शर्ट खोचला आणि ते भिंतीला वळसा घालून डॉमनिकच्या घरी गेले. बारा वर्षांत पुढच्या दाराने जाण्याचे प्रसंग थोडेच आले होते. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. फेलिशिया ओटीवर लसूण सोलत बसली होती. तिने वर पाहिलं आणि आत हाक मारली, "अवो, आले बगा तुमचे सामनेवाले."

डॉमनिक बाहेर आला. बसा म्हणाला नाही. जयवंतरावांनी रस्ताभर भाषण पाठ केलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्यच आधी तोंडातून निघालं. "डॉमनिक, तू माझ्यावर एक दावा लाव."

"काय?"

"छोटासा. केळीच्या नुकसानीचा. मी सगळं कबूल करतो. मग लोकअदालतीत मिटवू. दाव्याशिवाय मिटवत नाहीत म्हणे. मी चौकशी केली. वकील माझ्याकडून. तू फक्त दावा लाव रे."

फेलिशियाच्या हातातली लसणाची पाकळी सुपात पडली. डॉमनिकने बांबूंवर बूड टेकलं.

"बस," तो म्हणाला. जयवंतराव समोरच्या उलट्या टोपलीवर बसले.

"मी कोर्टात गेलो होतो. खरं हाय. विहिरीवरची मोटर चोरीला गेलेली, आठवते? त्या चोराची केस अजून चाललीय. मला साक्षीला बोलवलं. शरम वाटते, कोर्टात जायचं कोनाला सांगायला. नाय सांगितलं. आनि त्या काळ्या कोटवाल्याला मी मुतारी कुठं ते विचारत होतो."

"अरे, मला बागव्यांनी..."

"थांब. तू पाच कोर्टांना लिहून दिलंस, माझं ऐकल्याशिवाय काय करू नका. वाचलं मी. चांगलं लिहिलंय. पन माझं? माझं ऐकलंस तू? भिंतीवरनं विचारायचं होतं ना. मी रोज उभा असतो. मुंबईला मानूस पाठवलास, भिंतीपर्यंत नाय आलास."

जयवंतरावांनी तोंड उघडलं.

"नाय. आता माझी पाळी," डॉमनिक म्हणाला, आणि त्याने सुरुवात केली. पत्र्याच्या पाण्याने केळीचे आठ बुंधे कुजले होते. हे त्याला पहिल्या पावसातच दिसलं होतं, पण मित्राला कसं बोलायचं म्हणून त्याने स्वतःच चर खणून पाणी वळवलं होतं. त्या दिवशी सकाळी वर बघत होता तो चर पुरेल का ते. मग चहा. बारा वर्षं जयवंतराव चहात आलं घालत होते, आणि डॉमनिकला आलं अजिबात चालत नव्हतं. मग एका नाताळात जयवंतरावांनी ‘नंतर येतो’ सांगितलं आणि आलेच नाहीत, फेलिशियाने ठेवलेला केक तसाच राहिला. मग, वाड्या विकून टाका, आता शेतीत काय आहे, असं जयवंतराव एकदा सहज म्हणाले होते. मग लिफाफे. ते पोस्टमनसमोर सही करून घ्यावे लागले, हे त्याने सांगितलं आणि फेलिशिया पदर डोळ्यांना लावून आत गेली.

जयवंतरावांकडे प्रत्येकाचं उत्तर होतं. नाताळात वसुंधराला ताप होता. वाडीचं ते काळजीपोटी म्हणाले होते. आलं तर घशाला चांगलं असतं. ती सगळी उत्तरं त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली, आणि त्यांनी ती एकेक गिळली. टोपलीच्या काड्या टोचत होत्या. उन्हं उतरली तरी डॉमनिक बोलतच होता. घाबरलेपणा हळूहळू कमी होत गेला आणि त्या जागी जयवंतरावांना फक्त खूप वाईट वाटू लागलं, आणि ते वाटणं त्यांना बरं वाटलं.

शेवटी डॉमनिक थकला. पाणी प्यायला. उरलेलं जयवंतरावांना दिलं.

"मी ठरवलं होतं, तुला बोलवायचा नाय," तो म्हणाला. "फेलिशिया तुझ्या दारात थांबली तर मी तिला ओढून नेली."

"मग आता?" जयवंतरावांनी विचारलं. "काय ठरलं?"

"ठरायचं काय त्यात? तारीख देतो. शनिवार सकाळ. मांडवाला केळी बांधायच्या हायत. लवकर ये आनि तो खोचलेला शर्ट घालून येऊ नको. वसुंधरावहिनीला घेऊन ये, फेलिशिया सांगंल काय ते."

घरी वसुंधराबाई दिवा न लावता दारातच उभ्या होत्या. जयवंतराव आले ते सरळ स्वयंपाकघरात गेले, आल्याचा तुकडा उचलला आणि खिडकीतून बाहेर भिरकावून दिला.

"अहो, काय झालं? काय म्हणाला तो?"

"खूप बोलला. दोन तास."

"आणि तुम्ही? तुमचं म्हणणं नीट सांगितलंत ना? पावसाचं, माझ्या तापाचं, बागव्यांचं?"

"छे गं," जयवंतराव म्हणाले, आणि तीन महिन्यांत प्रथमच मोकळेपणाने हसले. "माझं कुणी काही ऐकूनच घेतलं नाही."